राखणदाराच्या पाठीवरच्या तीन खाचा

आमच्या घोडपदेवच्या दहा बाय बाराच्या खोलीत सामान कमी आणि दोर जास्त होते. कपडे वाळत घालायचा दोर, धाकट्या भावाच्या पाळण्याचा दोर, दाराशी दोराचंच पायपुसणं, आणि मोरीतल्या बादलीची तुटकी कडी जाऊन तिच्या जागीही दोरच. गोदीतून टाकाऊ म्हणून बाहेर निघालेले तुकडे बाबा पिशवीतून आणत, आई ते साबणाच्या पाण्यात दोन दोन दिवस भिजवून ठेवी, आणि तरीही त्यांचा डांबराचा वास काही जात नसे. आई बांगड्याचं तिखलं शिजवायला ठेवायची, वर तिरफळं टाकायची, तेव्हा कुठे तासभर डांबर मागे हटे. जेवणं झाली की ते पुन्हा आपल्या जागेवर हजर. आज प्रभादेवीच्या लिफ्टवाल्या इमारतीत राहते, घरात सुगंधी उदबत्ती असते, पण रस्त्यावर कुठे डांबर तापवत असले की मी उगाच दोन मिनिटं थांबते. सून म्हणते, आई, धूर लागेल. लागू दे.

बाबांचं काम असं, की बोट धक्क्याला आली की तिच्यावरून फेकलेले दोर झेलायचे, ओढून घ्यायचे आणि धक्क्यावरच्या खुंटांना अडकवायचे. बोट निघाली की सोडायचे. कागदोपत्री त्याला मूरिंग खलाशी म्हणत. आमच्या चाळीत बहुतेक सगळे गिरणीतले, त्यातही साचा खात्यातल्यांचा, म्हणजे माग चालवणाऱ्यांचा, रुबाब मोठा. त्यांच्या हातून कापड निघे, ते कापड लोक अंगावर घालत. बाबांच्या हातून काही निघत नसे. चाळीत त्यांचं नाव पडलं होतं दोरीवाले गावडे. बाबा ते ऐकत आणि हसून पुढे जात. माणूस मुळात अबोल. संध्याकाळी गॅलरीत बसले असताना गोदीकडून भोंगा ऐकू आला, की कोणती बोट, आत येते आहे की बाहेर जाते आहे, एवढं मात्र स्वतःशी पुटपुटत.

मला त्या नावाची लाज वाटायची. आता कबूल करायला काय जातंय? आठवीत नव्या शाळेत गेले तेव्हा वर्गशिक्षिकांनी वडील काय करतात विचारलं आणि मी ताडकन सांगितलं, गोदीत क्लार्क आहेत. माझ्या तोंडून ते इतकं सफाईदार निघालं की मलाच नवल वाटलं. पुढे दीड वर्ष ते क्लार्कपण मी सांभाळलं. पालकसभेची चिठ्ठी घरी द्यायची नाही, बाबांना ड्यूटी आहे म्हणून सांगायचं, असले उद्योग.

नववीत आम्हाला इतिहासाला तळपदेबाई आल्या. गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या, सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलणं असं स्वच्छ की ऐकताना आपण पाठ ताठ करून बसावं. त्यांनी शाळेच्या हस्तलिखित अंकाचा विषय दिला, 'माझी वस्ती'. अट एकच. पुस्तकातून उतरवायचं नाही, माणसांना विचारायचं, पायांनी फिरायचं. मी हिरमुसले. प्रभादेवीच्या आत्याकडे सिद्धिविनायक, शीवच्या मामाकडे किल्ला, आणि आमच्या घोडपदेवला काय, तर चाळी आणि लाकडाच्या वखारी. बाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "किल्ला कुणालाही दिसतो गं. जे दिसत नाही ते शोध. तुझ्या पायाखाली काय होतं ते तरी ठाऊक आहे का तुला?"

नव्हतं ठाऊक. मग वही घेऊन निघाले. दोन महिने शाळा सुटली की मी आमचा परिसर पालथा घालत होते. दारूखान्याच्या बंदरात फोडलेल्या बोटींचं भंगार, रे रोडच्या वखारींत रचलेले ओंडके, भायखळ्याच्या बाजूच्या जुन्या तबेल्यांच्या भिंती. म्हातारे दिसले की धरायचे. काही पिटाळून लावत, काही आपल्या गावची भाऊबंदकी ऐकवत. पण खरं घबाड मिळालं ते चाळीच्याच तोंडाशी. तिथे चांगुणामावशी मासळी घेऊन बसे, माझगाव कोळीवाड्यातली, नाकात नथ, हातात कोयता आणि जीभ कोयत्याहून धारदार. ती म्हणाली, "आमची आजी सांगाची, ह्या तुमच्या नाक्यापावत दर्या व्हता. हितं होऱ्या लागत. तुमच्या चाळीच्या जागेवर आमची जाळी सुकत." आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. समुद्र कुठे, आम्ही कुठे. मधे रेल्वेचे रूळ, गोदामं, रस्ता. कुणीतरी म्हणालं, मावशी, बोंबील ताजे आहेत एवढं सांग, बाकीचं राहू दे.

मी मात्र ते वहीत लिहिलं आणि बाईंना दाखवलं. वाटलं, त्याही हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, असू शकेल, पूर्वेकडची बरीच जमीन भरणी घालून केलेली आहे, पण नेमकं तुमच्या नाक्यापर्यंत पाणी होतं याची काही खूण मिळाली तरच हस्तलिखितात घेऊ. खूण कसली मिळायची? चाळीमागच्या विहिरीचं पाणी खारट होतं, हे लिहून नेलं. बाई म्हणाल्या, मुंबईत खारट विहिरींना तोटा नाही. गटार खणलं तेव्हा शिंपले निघाले, ते रुमालात बांधून नेले. भरणीबरोबर आले असतील, म्हणाल्या. बाईंचा असा राग यायचा मला तेव्हा.

घरी माझी धुसफूस ऐकून बाबांनी एका रविवारी मला भाऊच्या धक्क्यावर नेलं. बाप-लेकीने असं फिरायला जायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून आईने सोबत भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली, जणू आम्ही मालवणलाच निघालो होतो. धक्क्यावर बाबा एकदम वेगळेच. चालणंसुद्धा बदललं. एका खुंटाशी थांबले, माझा हात धरून त्याच्या मागच्या अंगाला लावला आणि म्हणाले, "बोट खय आसा? पुढे. दोर घासता खय? खुंट्याच्या पाठीर. घासलली बाजू जमनीची, कोरी बाजू दर्याची. ह्या इसरू नको." मी म्हटलं, म्हणजे जिकडे खाचा, त्याच्या उलट बाजूला समुद्र? ते मान हलवून हसले. दोर माळेसारखा खुंटाच्या मागून बसतो आणि बोट त्याला पुढून ओढते, म्हणून झीज नेहमी पाठीवर. एवढी साधी गोष्ट, पण ती त्यांनी ज्या ऐटीत सांगितली त्या ऐटीत मी बाबांना कधीच बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, यांना घरी का येत नाही असं बोलायला? उत्तर मला ठाऊक होतं. घरी कुणी विचारलंच नव्हतं.

आता आमच्या राखणदाराबद्दल सांगायला हवं. चाळीच्या नाक्यावर, आवाराच्या बुटक्या भिंतीला जवळजवळ टेकून, कमरेएवढा एक शेंदूर फासलेला दगड होता. कुणी त्याला मारुती म्हणे, आम्ही मालवणी लोक राखणदार म्हणायचो. तोंड पूर्वेला, रस्त्याकडे, त्यावर चांदीचे दोन डोळे बसवलेले. शनिवारी तेल, अवसेला नारळ, आणि परीक्षेच्या दिवसांत आम्हा पोरांचे नमस्कार. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून त्याला आकार असा उरलाच नव्हता. त्या चैत्रात ऊन असं पेटलं, की एका गुरुवारी सकाळी मडकं फुटल्यासारखा आवाज झाला आणि राखणदाराचं कवच सुटून खाली पडलं. बोटभर जाड शेंदराचे थरावर थर, डोळ्यांसकट. आत निघाला काळा कुळकुळीत गोल दगडी खांब. पुढून अगदी कोरा. आणि मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, आडव्या तीन खोल खाचा.

देवाचं कवच सुटणं ही लहान गोष्ट नव्हे. बाया हात जोडून उभ्या राहिल्या, चांगुणामावशीने पाटी झाकली. चाळीचे कारभारी परबकाका आले. साचा खात्यातले, पांढरंशुभ्र धोतर, शब्द खाली पडू न देणारा माणूस. त्यांनी कवच लाल कापडात बांधून समुद्रात सोडायला पाठवलं, मग वाकून खाचांवर बोटं फिरवली आणि निकाल दिला. तीन आडव्या रेघा म्हणजे कपाळावरचं त्रिपुंड्र. म्हणजे देव शंकराचा, आणि त्याचं तोंड भिंतीकडे. आजवर आपण देवाची पाठ पुजली. चाळीत दोन वर्षं काही धड होत नव्हतं, कुणाची नोकरी गेली होती, कुणाची पोर माहेरी परत आली होती, त्या सगळ्याचं कारण आता सापडलं. रविवारी आरतीनंतर गवंडी बोलावून देव उपटायचा आणि तोंड रस्त्याकडे करून बसवायचा, असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भिंत आणि खांब यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि मला बाबांचं धक्क्यावरचं वाक्य आठवलं. घासलली बाजू जमनीची, कोरी बाजू दर्याची.

दोन महिने जी खूण शोधत होते ती माझ्या रोजच्या नमस्काराची निघाली होती, आणि रविवारी ती फिरवली की तिच्यात काही अर्थ उरणार नव्हता. शुक्रवारी मी शाळेत पळतच गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, रविवारी मी येते, पण हे तू सांगून चालायचं नाही, पोरीचं कोण ऐकणार, आणि माझंही तिथे कोण ऐकणार? गोदीतलं काम जाणणारं कुणी हवं. तुझे वडील कुणाला ओळखत असतील ना, ते तिथे क्लार्क आहेत.

मी वही मिटली. मग म्हटलं, "बाई, माझे बाबा क्लार्क नाहीत. ते दोर बांधतात."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "मग तर त्यांनाच आणायला हवं. क्लार्काला यातलं काय कळणार? आमच्या घरात चार पिढ्या क्लार्कच होते, एकालाही साधी गाठ मारता येत नव्हती."

त्या दिवशी त्यांनी मला रागे भरलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला. परबांसमोर आपण काय बोलणार, देवाची गोष्ट, उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर लोक आपल्यालाच बोल लावतील. शनिवारची दुपार अशीच गेली. आई भाताची पेज ओतत होती. तिने पातेलं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "एवढ्या मोठ्या बोटी धरतास, एक परब धरूक जमणा नाय?" संध्याकाळी बाबांनी माळ्यावरचा काथ्याचा जाड दोर खाली काढला, मोरीत बसून घासून घासून धुतला आणि गॅलरीत वाळत घातला.

रविवारी आरती झाली. गवंडी पहार घेऊन तयार होता, परबकाका त्याला जागा दाखवत होते. तळपदेबाई छत्री टेकून एका कडेला उभ्या होत्या आणि आमच्या चाळीतल्या बाया त्यांच्या पातळाकडे बघत होत्या. बाबा जिन्यावरून उतरले. अंगात गणपतीतला सदरा, खांद्यावर दोर, हातात नारळ. म्हणाले, परबांनू, फिरवण्याआधी मला दोन मिनिटं द्या. ह्या खाचा दोराच्या आहेत, दोर लावून दाखवतो. परबकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. देवाच्या गळ्यात दोर? गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाबा मागे सरतील असं मला वाटलं. ते पुढे झाले, नारळ राखणदाराच्या पायाशी ठेवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्याकडे देवाला काही विचारायचं, मागायचं, कबूल करायचं असलं की मोठ्यांदा गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले लोक दर वाक्याला होकार देतात. पण ते गावात, मानकऱ्यांनी. बाबांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, आज ही चाळीची सगळी लेकरा तुझ्या पायाकडे उभी रवली हत, तेंका सांभाळून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सवयच ती. परबकाकांच्याही तोंडून निघून गेलं.

"ह्यो दोर तुका लागतलो, तेचो राग मानू नको म्हाराजा. तू हय उभो रवान परमुलखातली गलबता धरलंस. वाऱ्यात धरलंस, भरतीत धरलंस. तुझ्या पाठीर ह्यो जो घाव पडलो, तो अपमान न्हय, ती तुझी चाकरी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चाकरी करणारो देव बारीक होणा नाय म्हाराजा."

या वेळी होकार यायला जरा वेळ लागला. मग आला, आणि आधीपेक्षा मोठा आला. माझ्या शेजारी आई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता, ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि माझंही तेच झालं होतं.

बाबांनी दोर उचलला आणि एका झटक्यात खांबाच्या मागून टाकला. तो मधल्या खाचेत असा बसला, जशी बोटात अंगठी. तालमीतल्या दोन पोरांना त्यांनी टोकं धरून रस्त्याकडे, पूर्वेला ओढायला लावलं. पोरं लाल झाली, दोर जागचा हलला नाही. मग दोर पुढून घेऊन, पोरांना भिंतीपलीकडे उभं करून, तिकडून ओढायला लावलं. पुढचं अंग गुळगुळीत, दोर सरकन वर घसरून सुटला आणि दोघेही पोरगे धपकन मातीत बसले. सगळी चाळ हसली. बाबांनी दोर गोळा केला आणि हळूच म्हणाले, देव उलटा नाही बसलेला. तोंड समुद्राकडेच आहे. समुद्रच उठून लांब गेला.

चांगुणामावशी एवढा वेळ गप्प होती, हेच आश्चर्य. ती म्हणाली, "दर्या माझा सोयरा हाय. त्याची खोटी बातमी मी कशाला देईन?" कुणी हसलं नाही. परबकाका खाली बसले, पुन्हा एकदा तिन्ही खाचांवरून बोट फिरवलं, या वेळी सावकाश. माणूस हट्टी होता, पण कारागीर होता. साच्यावर सतत सरकणाऱ्या धाग्याने पितळेलाही खाच कशी पडते ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. उठून गवंड्याला म्हणाले, पहार ठेव, आता आलाच आहेस तर चौथरा बांध, देव आहे तसाच राहील. आणि बाबांकडे वळून म्हणाले, गावडे, नवा शेंदूर तुम्ही चढवायचा. त्या दिवसानंतर चाळीत दोरीवाले हा शब्द मी ऐकला नाही. म्हणजे म्हणत असतील माघारी, चाळच ती, पण वेगळ्या आवाजात.

तळपदेबाई पुढे आल्या. पिशवीतून वही काढली आणि बाबांना, अहो-जाहो करून, त्यांचं पूर्ण नाव आणि हुद्दा विचारला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगत आले होते ते त्यांना ठाऊक होतं का, हे मी कधीच विचारू शकले नाही. हस्तलिखितात माझ्या लेखाखाली बाईंच्या आग्रहावरून दोन ओळी आल्या. माहिती देणार, चांगुणा, मासळी विक्रेती, माझगाव कोळीवाडा. आणि वामन सोनू गावडे, मूरिंग खलाशी, मुंबई गोदी. बाबा दुसरी पास होते. ते पान त्यांनी मांडीवर घेऊन, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत वाचलं आणि म्हणाले, शाई बरी वापरली आहे.

चाळ आता नाही. तिथे टॉवर उभा आहे, पण राखणदार गेटाशी आहे, पूर्वेला तोंड करून. वास्तुवाल्याने तो फिरवायला सांगितला होता म्हणे. जुन्या भाडेकरूंच्या पोरांनी फिरवू दिला नाही. त्यांना ती गोष्ट पाठ आहे, आणि त्यांच्या सांगण्यात दोर दरवर्षी जाड होतो, मातीत बसणारी पोरं दोनाची चार होतात. मी दुरुस्त करत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले होते. ती एका लहानशा बंदराच्या गावी राहते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यांची एक चूक सांगायची आहे. तिथे निवृत्त मंडळी मिळून दर रविवारी पाहुण्यांना गावाचा इतिहास दाखवत पायी हिंडवतात. मुलगी म्हणाली, आई, तुला आवडेल. खरंच आवडलं. गोदाम, कस्टम हाऊस, दीपगृह, सगळं लहान लहान, पण जपलेलं, आणि प्रत्येक गोष्टीपाशी पाटी. पाण्याच्या कडेला जुन्या धक्क्यावरचा एक लाकडी खुंट पुन्हा रोवून ठेवला होता, भोवती साखळी. टोपीवाले म्हातारे गृहस्थ त्याच्याबद्दल भरभरून सांगत होते. मी साखळीवरून वाकून हात लावला. मुलगी म्हणाली, आई, हात लावायचा नसतो. पण हात आधीच सगळीकडून फिरून आला होता. जमिनीकडची बाजू कोरी होती. खाचा होत्या पाण्याच्या बाजूला.

माझं इंग्रजी कामापुरतं. तरी त्यांना सांगितलं, हा उलटा बसवला आहे, बोट पुढे असते, दोर मागे घासतो. गृहस्थ आधी नुसते सौजन्याने हसले. मग गुडघे टेकून खाली बसले, माझ्यासारखाच हात फिरवला आणि उठून मुलीचा ईमेल पत्ता लिहून घेतला. पंधरा दिवसांनी मुलीला त्यांची ईमेल आली. धक्क्याचा जुना फोटो काढून त्यांनी ताडून पाहिलं होतं. खुंट फिरवणार होते. पाटीही नवी करणार होते, आणि खाली माहिती देणाऱ्याचं नाव द्यायची त्यांची पद्धत होती.

मुलगी लॅपटॉप उघडून बसली आणि माझं नाव लिहायला लागली. मी तिला थांबवलं आणि बाबांचं नाव सांगितलं. तिने ते लिहिलं, आणि विचारलं, "हुद्दा काय लिहू गं? आजोबा गोदीत क्लार्क होते ना?"

ती थाप कधीतरी तिच्यापर्यंतही पोचली होती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "नाही. दोर बांधायचे. तसंच लिही."